'टाकलेलं जनावर घरात आणू नका' हा मेसेज फिरवणाऱ्यांना

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आला, चारही वेळा मी काही न बोलता सोडून दिला. पण परवा तो मावशीकडे पोचला आणि तिने शेल्टरला, म्हणजे सोडून दिलेल्या जनावरांना ठेवतात त्या जागी, फोन करून 'नको, राहू दे' सांगून टाकलं. जी कुत्री ती आणणार होती तिला मावशी तीनदा भेटून आली होती, पहिल्या दोन वेळा ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिली आणि तिसऱ्या वेळी उठून आली, जाळीतून नाक काढून मावशीच्या बोटांचा वास घेतला. आणि एका फॉरवर्डने सगळ्यावर पाणी फिरवलं.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. शेल्टरमधली जनावरं स्वभावाने बिघडलेली असतात म्हणूनच लोकांनी सोडलेली असतात, मोठ्या कुत्र्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही म्हणून पिल्लूच घ्या, शेल्टरमधली जनावरं रोगट असतात, आणि रेस्क्यू, म्हणजे जनावरं वाचवण्याचं काम, हा पैसे काढायचा धंदा आहे.

पहिलं वाक्यच सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते ऐकायला पटतं. शेल्टरमध्ये गेलात तर दिसतंच की, एक सतत भुंकतंय, एक गोल गोल फिरतंय, एक मान वर करत नाहीये. मग माणूस म्हणतो बघा, स्वभावच असा. अहो पण चोवीस तास आजूबाजूला भुंकणं, फिनेलचा वास, लोखंडी दारांचा आवाज, ओळखीचं एकही माणूस नाही, अशा जागी कुणाचा खरा स्वभाव दिसेल? आणि हे मी नुसतं माया म्हणून बोलत नाहीये. २०१९ मध्ये 'पीअरजे' या जर्नलमध्ये एक अभ्यास आलाय, अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधली २०७ कुत्री. त्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला पाठवलं आणि आधी, घरी असताना आणि परत आल्यावर लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. घरी असताना ते खाली आलं, परत पिंजऱ्यात आल्यावर पुन्हा होतं तिथे गेलं. सलग विश्रांतीही घरी सगळ्यात जास्त वेळ मिळाली. कुत्रं तेच, एका रात्रीत त्याचा स्वभाव बदलतो का? बदलली ती जागा. म्हणजे पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहून तुम्ही जे बघता त्यातलं बरंचसं त्या पिंजऱ्याचं असतं.

आणि 'म्हणूनच सोडलेली असतात' हे कुठून आलं? मालक वारला, घर बदललं, नवा घरमालक प्राणी चालू देत नाही, घरात आजारपण आलं, यात कुत्र्याने काय केलं? मावशीच्या कुत्रीच्या कार्डावर कारणापुढे दोनच शब्द आहेत, 'घर बदललं'. वागणुकीच्या तक्रारीवरून सोडलेलीही असतात, ते मी नाकारत नाही, पण त्यातही घरात घाण करतं, एकटं ठेवलं की भुंकतं अशा तक्रारी असतात, आणि त्या बऱ्याचदा सवय लावून सुटतात. खरंच चावणारं, कुठल्याच घरात देता येणार नाही असंही एखादं असतं. तसं असेल तर शेल्टरने ते तोंडावर सांगायलाच हवं, आणि लपवत असेल तर ते चूकच आहे, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही.

मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही म्हणे! मोठ्या कुत्र्याचं निदान आकारमान, ताकद, लहान मुलांशी कसं वागतं हे समोर दिसतं, पिल्लाचं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतं, ते दिवस आईपासून लवकर तोडून खोक्यात काढलेलं पिल्लू विकत आणलं की भीती पण सोबतच घरी येते. साठीतल्या बाईला दर दोन तासांनी उठवणारं पिल्लू घ्या सांगणाऱ्यांनी कधी पिल्लू वाढवलंय का?

रोगाबद्दल फार बोलत नाही. नीट चालणारं शेल्टर नवीन जनावर वेगळं ठेवतं, लस देतं, नसबंदी करतं, कागद हातात देतं. कागद मागा, आठवड्याभरात आपल्या डॉक्टरांना दाखवा. विकत आणलेल्या पिल्लालाही पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा तो जिवघेणा संसर्ग, होतो.

राहिला धंदा. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागेल. व्हिडिओसाठी मुद्दाम पिल्लं चिखलात टाकून 'वाचवणारे' लोक आहेत, आणि झेपत नसताना पन्नास जनावरं कोंडून ठेवून त्याला रेस्क्यू म्हणणारेही आहेत. ती दया नाही, छळ आहे. त्याच अभ्यासात शेल्टर-शेल्टरमधला फरक काही बाबतींत घरी नेल्याने पडलेल्या फरकापेक्षाही मोठा निघाला, म्हणजे जागा कशी चालवली जाते याने खूप काही ठरतं. मग आत जाऊन बघा, किती जनावरांमागे किती माणसं आहेत विचारा, पाणी स्वच्छ आहे का बघा, आत येऊच देत नसतील तर पैसे देऊ नका. पण लबाड माणसांचा राग त्या पिंजऱ्यातल्या जनावरावर का काढायचा?

काल हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं, अभ्यासाचं दोनदा सांगितलं. तिने शेल्टरला परत फोन केला, कुत्री अजून तिथेच आहे. शनिवार-रविवार दोन रात्री फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, घरी आणतेय, मी जुनी गादी नेऊन देणार आहे. आणि ज्या ग्रुपवरून तिला तो मेसेज आला तिथे हे आत्ताच टाकतेय.