लोकसहभागातून अंडे

२०२४ च्या सुरुवातीला, एका बुधवारी, पालघर जिल्ह्यातल्या आदिवासीबहुल मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत जाणे झाले. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या दुसरीतल्या मुलाने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग आधी खाऊन टाकला, बलक खिचडीत कुस्करला आणि ताटली बोटाने निपटून काढली. "बुधवारी पट भरतो," स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या.

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यासाठी स्वतंत्र निधी मिळणार नाही, द्यायचे असल्यास लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. शहरालगतच्या शाळेला एखादा दाता मिळेलही. पण ज्या पाड्यावरची निम्मी घरे दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, तिथे लोकसहभाग कोणाचा धरायचा? आदिवासी मुलांच्या घरी अंड्याला आडकाठी नसते. अडचण असते ती पैशाची. एका अंड्यातून जवळपास सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या एका जेवणातून बारा ग्रॅम मिळावीत, असा सरकारचाच निकष आहे.

तांदळाबद्दलही माझी तक्रार आहे. शंभर ग्रॅम तांदळात जेमतेम दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच नागलीत, म्हणजे नाचणीत, साडेतीनशेच्या आसपास. आणि ही नागली शाळेमागच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरच पिकते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात नाचणीची बिस्किटे महागड्या डब्यांतून विकली गेली (मीही घेतली, हे कबूल करतो), पण त्या दिवशी मी पाहिलेल्या ताटलीत भातच होता.

नागलीचे हे सारे मी त्या दिवशी मोठ्या उत्साहाने मावशींना ऐकवले. त्यांनी शांतपणे विचारले, "साठ पोरांच्या भाकऱ्या कोण थापणार?" महिना अडीच हजारांच्या मानधनात चूल, धुणी-भांडी आणि पाणी भरणे सांभाळणाऱ्या बाईचा हा प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनीच ते दिले: "आंबील करता येईल. नागली द्या, पण दळून द्या. गिरणी इथून दोन कोस आहे."