विहिरीतलं लकाकणारं सगळं सोनं नसतं, भो!

पुन्हा तेच! विहिरीला काळा पाषाण लागतो, सुरुंग उडतो, क्रेनच्या टोपलीतून वर आलेल्या दगडात काहीतरी लकाकतं आणि दिवस मावळायच्या आत गावभर बोभाटा, शेतात सोनं निघालं! दोन दिवसांत धातू शोधून देतो म्हणणारा कुठला तरी मशीनवाला बांधावर हजर. कापसाचे पैसे त्याच्या खिशात, शेतात पुरुषभर खड्डे. चीड येते नुसती.

अरे भो, पायाखालचा दगड तरी ओळखा! खानदेशात बहुतेक जागी खाली बेसाल्ट आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तापीकाठी त्याच्यावर गाळाचा जाड थर. सोन्याच्या शिरा सापडतात त्या याहून कितीतरी जुन्या खडकात. कर्नाटकात कोलार-हट्टीला, आपल्या राज्यात नागपूर-भंडाऱ्याकडे. आणि खाणीतसुद्धा टनभर दगडामागे मोजके ग्रॅम निघतात, तेही बहुधा डोळ्यांना न दिसणारे.

पारख करायला रुपयाही लागत नाही, तरी कोणी करत नाही, याचा जास्त राग येतो. चिनी मातीच्या फुटक्या कपाच्या बुडाची खरबरीत कड घ्या, त्यावर तो पिवळा दाणा घासा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. पायराइट म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज, त्याची हिरवट काळी. दाणा ऐरणीवर ठेवून हातोडी मारा. सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो. अभ्रक असेल तर सुईच्या टोकाने पापुद्रे सुटतात. तरी जीव राहत नसेल तर तो दगड कुटून भुगा पसरट ताटलीत पाण्याखाली हलवा, सराफ्यातला झारेकरी माती धुतो तसा. सोनं पाण्याच्या 19 पट जड, पायराइट 5 पट, साधा दगड जेमतेम 3 पट. सोनं असेल तर तळाला बसेल. ताटली पाण्याबाहेर काढून हिसके दिले की जड-हलकं सगळंच सांडतं, मग ‘काहीतरी होतं पण गेलं’ म्हणत बसू नका.

आता ती मशीन. हातात दोन तारा धरून ‘इथे 40 फुटांवर धातू आहे’ सांगणारी वस्तू यंत्रच नव्हे. मनगट नकळत हलतं, तारा फिरतात. दहा घमेली पालथी घाला, त्याची पाठ असताना एकाखाली अंगठी ठेवा, आणि म्हणावं, दाखव! खरा मेटल डिटेक्टरही अंगठीएवढी वस्तू वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंतच पकडतो. त्यात आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज, भरपूर. जमिनीचा बॅलन्स नीट लावला नाही, म्हणजे तिथल्या मातीदगडाशी डिटेक्टर जुळवून घेतला नाही, तर नुसत्या दगडावर त्याची कॉइल, म्हणजे पुढची तारेची चकती, वर-खाली केली तरी तो कोकलतो. तेच कोकलणं ऐकवून हे लोक पैसे उकळतात! वर कोंबडा-नारळाची पूजा मागितली तर तिथेच पोलिसांना बोलवा. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्धही राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सातबारा तुमचा असला तरी परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही, 1957 चा खनिज कायदा तसं सांगतो. पुरलेलं धन सापडलं आणि ते 10 रुपयांच्या वरचं असलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तो कायदा 1878 चा.

सगळ्यात जास्त जळतं ते पुढे. या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कधी कधी स्टिल्बाइटचे पंख्यासारखे पीच रंगाचे झुबके आणि अपोफायलाइटचे काचेसारखे, क्वचित हिरवे स्फटिक असतात. जळगावकडचे असे नमुने जगभरच्या संग्रहांत गेलेत. आणि आपली माणसं ते घणाने फोडतात, आत सोनं आहे का बघायला! पोकळी दिसली की घण बाजूला ठेवा. वीतभर अंतर सोडून चारी बाजूंनी छिन्नीने दगड कापा, स्फटिकाला बोट न लावता कागदात गुंडाळा, धुवायचं तर साध्या पाण्याने. फरशीचं अ‍ॅसिड ओतू नका, त्यात स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट जातीच्या खनिजांची चमक जाते. ढिगाऱ्यावर पांढरा चुरा पडलेला असतो ना विहिरीशेजारी, तो पुष्कळदा याच झुबक्यांचा असतो.