केशनळी बारीक म्हणजे पाणी जास्त? खुलासा

‘केशनळी जितकी बारीक, तितकं जास्त पाणी ती वर खेचते’ हे वाक्य सध्या बरंच फिरतंय. (केशनळी म्हणजे केसासारखी बारीक नळी, जिच्यात पाणी आपोआप वर चढतं.) यात उंची आणि आकारमान यांची गल्लत आहे.

बारीक नळीत पाणी जास्त उंच चढतं, हे खरंच. पण पाण्याचा स्तंभ तोलून धरतो तो पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, आणि तोही फक्त नळीच्या आतल्या परिघावर. नळी बारीक झाली की परीघ घटतो, म्हणजे पेलवणारं वजनही घटतं. उंची त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते, तर चढलेल्या पाण्याचं आकारमान त्रिज्येच्या सम प्रमाणात.

आकडेच पाहा. २० अंश सेल्सिअसला, स्वच्छ काचेच्या ०.५ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंमी चढतं. आकारमान साधारण २३ घन मिमी. त्रिज्या ०.१ मिमी केली की उंची जवळपास १५ सेंमी होते, पण पाणी जेमतेम ४.७ घन मिमी! उंची पाचपट, पाणी एक पंचमांश.

(नळीतल्या पाण्याच्या वरच्या वक्र पृष्ठाच्या कडेला चिकटलेलं थोडं पाणी यात धरलेलं नाही, इतक्या बारीक नळ्यांत ते नगण्य असतं.)

विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठवलं असेल, तर ‘जास्त पाणी’ खोडून ‘जास्त उंच’ असं लिहून पुन्हा पाठवा.