नुसता रस्सा घ्या हो!

ऑफिसच्या दौऱ्यावर कोळंबीची ॲलर्जी आहे म्हटलं की मालवणात अख्खं टेबल वळून बघतं. "मग नुसता रस्सा घ्या!" अहो, कोळंबी काय त्यात पाय धुऊन गेली? त्रास देणारं प्रथिन उकळूनही तसंच राहतं! वांग्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबीच, पोह्यांत सोडे, चटणीत जवळा, म्हणजे तिचंच इवलंसं भावंड. विचारायचं तरी कसं? वेटर पलीकडे, मध्ये साहेब, शब्द घशातच. हळूच पुटपुटावं, तर साहेबच हॉटेलभर ओरडणार, "अरे, ह्यांचं काहीतरी वेगळं बघा!" झालं! पुढची सगळी मीटिंग माझ्या पुरळावर. रत्नागिरीत वरण-भात मागवला तर "बरं नाही का?" बरं आहे, म्हणूनच वरण-भात! ऑफिसच्या फॉर्मवर खिडकीची सीट हवी का विचारतात, खाण्याचं विचारताना काय जीव जातो? नुसत्या सोलकढीवर माणसानं किती दौरे काढायचे?