उद्या पाणी नाही

वार्षिक सर्वसाधारण सभेला गैरहजर राहणारा सभासद सचिव होतो, हा नियम गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत कोठेही छापलेला नसला, तरी पुण्यात तो सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो. ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागत असल्यामुळे आमच्याकडे ती नेमकी पितृपक्षात आली, मी वडिलांच्या श्राद्धासाठी सांगोल्यास गेलो, आणि परतलो तेव्हा वाकडमधील ११२ सदनिकांचा सचिव झालेलो होतो. दप्तर, रबरी शिक्का आणि टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्या हाती देऊन मावळत्या सचिवांनी जाता जाता सांगितले, ‘‘आणि हो, नोटिसा तेवढ्या इंग्रजीत काढत जा. आपल्याकडे तमिळ, बंगाली, ओडिया सगळेच आहेत.’’ त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला तेव्हा निवृत्तीचा वाटला होता.

इंग्रजीशी माझा परिचय जुना, पण गल्लीतल्या श्रीमंत घराशी असतो तशा प्रकारचा, म्हणजे येता-जाता दिसणारा आणि बोलण्याचा प्रसंग न येणारा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत येई आणि आम्ही त्याचे भाषांतर करत असू. पुढे सरकारी खात्यात चौतीस वर्षे मी टिपण्या लिहिल्या, त्या ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशा सुरू होऊन ‘सविनय सादर’ येथे संपत. त्यामुळे लिहिण्याची भीती मला नव्हती. भीती वाटायला हवी होती, हे नंतर कळले.

पहिली नोटीस पाण्याची होती. ‘ड्यू टू क्लीनिंग ऑफ टँक, वॉटर विल नॉट कम टुमॉरो’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली शिक्का मारला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका बंगाली तरुणाने अतिशय नम्रपणे विचारले, की पाणी कोठून येणार होते आणि आता त्याने बेत का बदलला. मराठीत पाणी येते, वीज जाते, ताप चढतो, थंडी पडते आणि भूक लागते. आपल्याकडे निर्जीव वस्तूंना फार हातपाय असतात. इंग्रजीत मात्र पाणी नुसते असते किंवा नसते, हे मला पाचवी ते अकरावी कोणीही सांगितले नव्हते.

खरी अब्रू गेली ती कुत्र्यांमुळे. काही पाळीव कुत्री लिफ्ट घाण करत, म्हणून समितीने पाचशे रुपये दंड ठरवला. मी लिहिले, ‘ओनर्स ऑफ डॉग्ज हू स्पॉइल द लिफ्ट विल बी फाइन.’ त्या रात्री आठव्या मजल्यावरील एक वकील घरी आले आणि म्हणाले, की त्यांनी स्वतः लिफ्टमध्ये तसे कधीही केलेले नाही, आणि करण्याचा विचारही नाही. या वाक्यातील ‘हू’ कुत्र्यांना लागतो की मालकांना, ते संस्थेने लेखी स्पष्ट करावे. मराठीत ‘ज्यांची कुत्री’ म्हटले की प्रश्न मिटतो. त्याहून गंभीर बाब सकाळी उघड झाली. ‘फाइन्ड’मधला शेवटचा ‘डी’ मी खाल्ला होता, त्यामुळे लिफ्ट घाण करणाऱ्यांचे सर्व काही उत्तम होईल, असा आशीर्वाद संस्थेच्या शिक्क्यानिशी फलकावर झळकत होता, आणि कोणीतरी त्या रिकाम्या जागी लाल पेनाने ‘डी’ लिहून भोवती गोल केला होता.

लाल पेन तिसऱ्या मजल्यावरचे निघाले. कोइमतूरला आयुष्यभर इंग्रजी शिकवून मुलाकडे राहायला आलेल्या एक बाई तेथे राहतात. त्यांना सगळेच मॅडम म्हणतात. मी दंड भरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी व्यवहार सुचवला: सकाळी इमारतीभोवती आठ फेऱ्या मारायच्या, चार फेऱ्यांत त्यांनी मला इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या चार फेऱ्यांत मी त्यांना भाजीवाल्यांपुरते मराठी.

पहिला गृहपाठ होता, काल काय केले ते रोज दहा ओळींत लिहिणे. मी जे लिहिले त्याचा मराठीत आशय असा होता, की ‘प्रातर्विधी आटोपून अस्मादिकांकडून अल्पोपाहार ग्रहण करण्यात आला.’ मॅडमनी विचारले, ‘‘हे तुम्ही केले की समितीने?’’ मग सगळ्यावर रेघ मारून त्यांनी वर लिहिले, की मी अंघोळ केली आणि पोहे खाल्ले. माझ्या इंग्रजीचे मूळ दुखणे इंग्रजी नव्हतेच. मी आधी मनात सरकारी मराठी टिपणी तयार करत असे आणि तिला इंग्रजी कपडे चढवत असे. त्यावरचा उपाय त्यांनी सांगितला तो असा, की लिहिलेले मोठ्याने वाचावे, जेथे दम लागेल तेथे पूर्णविराम द्यावा, आणि मजकूर एक रात्र तसाच ठेवून सकाळी पुन्हा पाहावा. रात्री भारदस्त वाटलेले निम्मे शब्द सकाळी आपणहून निघून जातात.

शब्दांच्या बाबतीत तर मी पूर्ण नागवला गेलो. शब्दकोशात ‘कडक’ला दिलेला पहिला शब्द उचलून मी त्यांच्या घरी ‘स्ट्रिक्ट टी’ मागितला होता. मॅडम म्हणाल्या, की शब्द सुटा शिकू नये, त्याच्या सोबत्यासकट शिकावा. मला ते तत्काळ पटले, कारण मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, पण पाऊस मुसळधार आणि थंडी कडाक्याची, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, तरी कडक पाऊस कोणी म्हणत नाही. तेव्हापासून मी वहीत जोड्याच टिपतो: चहा स्ट्रॉंग, पाऊस हेवी, आणि चूक मात्र ‘मेक’ करायची, ‘डू’ करायची नाही. चूक करण्याचे क्रियापद चुकणे ही अवस्था मी दोन आठवडे अनुभवली.

‘डिड’चा घोळ मी स्वतःच्या बळावर सोडवला, याचा मला अभिमान आहे. ‘डिड यू पेड मेंटेनन्स?’ असे मी वर्षानुवर्षे विचारले असते. मग लक्षात आले, की ‘डिड’ म्हणजे टीडीएस आहे. भूतकाळ एकदा त्याच्याकडून कापून घेतला, की पुढच्या क्रियापदाकडून पुन्हा घ्यायचा नसतो. निवृत्तिवेतनधारकाला यापेक्षा स्पष्ट व्याकरण कोणी समजावू शकणार नाही.

बोलण्याचे प्रकरण अधिक अवघड होते, कारण लिहिताना खोडता येते. आपल्या एकाच ‘व’मध्ये इंग्रजांचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ असे दोन आवाज कोंबलेले आहेत, एकासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि दुसऱ्यासाठी शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर हा सराव आठ दिवस चालल्यावर आमच्या सौ.नी मला दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याविषयी सुचवले. मग बोललेले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकण्याचा उपाय झाला. तो गुणकारी आहे, परंतु उपाशीपोटी करू नये. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना उच्चाराचा जोर त्याच्या पहिल्या भागावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो. मी मात्र सगळी अक्षरे रेशनच्या साखरेप्रमाणे समान वाटत होतो.

संभाषणाची सुरुवात कशी करावी, याचेही शास्त्र निघाले. लिफ्टमध्ये कोणी भेटले, की मी आपल्या रीतीप्रमाणे ‘कुठे निघालात?’ आणि ‘जेवलात का?’ एवढेच इंग्रजीत विचारत असे. मराठीत ही आपुलकी आहे. इंग्रजीत तो जबाब होतो. तो बंगाली तरुण हल्ली जिना का वापरतो, ते मला मॅडमनी समजावून सांगितले. आता मी हवामानावर बोलतो, एखादा प्रश्न विचारतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत पुढचे वाक्य मनात जुळवत बसत नाही. समजले नाही, तर पुन्हा सांगा असे सरळ म्हणतो. पूर्वी मी हसून मान हलवत असे, आणि त्या भरात दोन सभासदांना गच्चीवर पत्रे टाकण्याची परवानगी देऊन बसलो होतो.

थकबाकीची नोटीस लिहिताना ‘डेट’ म्हणजे देणे या शब्दातल्या मुक्या ‘बी’ने मला अडवले. मॅडम म्हणाल्या, की इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवायच घेतला होता, पुढे पंडितांना लॅटिन मूळ दाखवण्याची हौस आली आणि त्यांनी तो अक्षरबोजा घातला. कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यावर स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली, उच्चार मात्र बदलतच राहिले. त्यांच्या प्रत्येक ‘का’ला असे उत्तर होते. त्यांनी मात्र मला विचारले, की तो पंखा, ती खुर्ची आणि ते टेबल, हे कोणी व कशाच्या आधारावर ठरवले? मी म्हणालो, की आपल्या फेऱ्या आठ झाल्या.

गेल्या महिन्यात पुन्हा टाकी धुवायची निघाली. मी रात्री लिहिले, सकाळी मोठ्याने वाचले आणि निम्मे खोडले. उरले ते असे: ‘नो वॉटर टुमॉरो, टेन टू फोर. प्लीज स्टोअर सम टुनाइट.’ लाल पेन आले नाही. लिफ्टमध्ये कोणी काही विचारले नाही. आले ते चौथ्या मजल्यावरचे काका, आणि नोटीस मराठीत का नाही म्हणून माझ्यावर संतापले. त्यांचे म्हणणे रास्त होते. मी घरी जाऊन आनंदाने बैठक मारली, आणि चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून अर्ध्या तासात एक पानभर मराठी नोटीस फलकावर लावली.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या हातात माझी नोटीस होती, पहिल्याच ओळीवर लाल गोल होता, आणि माझ्याकडून शिकलेल्या मराठीत त्या विचारत होत्या, ‘‘काका, हा ‘उपरोक्त’ कोण आहे? उद्या पाणी तो आणणार का?’’