मांडुळाला दोन तोंडं नसतात

‘धायरीत दुतोंडी साप सापडला, सहा महिने एका तोंडाने चालतो, घरात ठेवला की पैसाच पैसा’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. फोटोतला साप मांडूळ आहे. त्याला तोंड एकच. दुसरं टोक म्हणजे बोथट शेपूट. धोका वाटला की मांडूळ डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट वर करतो, म्हणून फसगत होते. गारुडी तर शेपटीवर डागून डोळे-तोंड ‘काढायचे’! बिनविषारी, उंदीर खाणारा प्राणी. पैसा सोडाच, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळणं किंवा विकणं गुन्हा आहे. दिसला तर हात लावू नका, वनविभागाला १९२६ वर कळवा. आणि तो मेसेज डिलीट करा बुवा.