हार्ट अटॅक सांग म्हणे

आज सकाळी एका घरी जाऊन आले. फोंडा तालुक्यातलंच घर. गावाचं नाव लिहीत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. चाळिशीतला माणूस, परवा गेला. आत्महत्या. कशी, कुठे, ते विचारू नका. मी लिहिणार नाही आणि कमेंटमध्ये कोणी लिहिलं तर लगेच काढून टाकीन.

स्वयंपाकघरात पाच-सहा बायका होत्या. त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. तिला ऐकू जाईल अशा कुजबुजीत एकीने विचारलं, "काय लिहून-बिहून ठेवलंय?" दुसरी म्हणाली, "आदल्या दिवशी काय बिनसलं होतं काय?" तिसरीने त्यांच्या आठवीतल्या मुलीला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आणि सांगितलं, "शाळेत कोणी विचारलं तर हार्ट अटॅक सांग हां. बाबांचं नाव खराब व्हायला नको."

मुलीने मान हलवली. मी कप विसळायला मागच्या दारी गेले तशी ती माझ्या मागोमाग आली. म्हणाली, "मावशी, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर फोटो आलाय."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तो फोटो माझ्याही फोनवर आला होता. वाड्याच्या ग्रुपवर. खाली हात जोडल्याची चिन्हं, ॐ शांती, आणि लगेच "कारण काय?" अरे, त्या फोटोत कोणाचा तरी बाप आहे! प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांना स्पष्ट सांगितलंय की आत्महत्येची बातमी ठळक मथळ्याने छापू नका, पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, फोटो टाकू नका. का? कारण अशा बातम्या वाचून आधीच कड्यावर उभं असलेलं दुसरं माणूस ढकललं जातं. आमचे पेपर सगळं पाळतात असं नाही, पण निदान बातमीखाली हेल्पलाइनचा नंबर तरी छापतात, हे मान्य करते. आपण काय करतो? अंगठा दाबतो, आणि तो फोटो तिच्या वर्गात पोहोचतो.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, काहींना नसेल. माझा धाकटा भाऊ २००९ साली असाच गेला. बावीस वर्षांचा होता. घरात त्याला बाबूच म्हणायचे.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला जशीच्या तशी आठवते. सहाला पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला, पों पों. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आई उठली, नेहमीसारखी टोपली घेऊन फाटकाशी गेली, आणि त्याने नेहमीसारखे सहा पाव आणि दोन काकणं टोपलीत घातली. काकणं म्हणजे ती कडक, गोल, बांगडीसारखी. आमच्या घरात ती फक्त बाबू खायचा, चहात बुडवून. आई काही बोलली नाही. आत आली, काकणं डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली. कितीतरी वेळ.

सुतकात आपल्याकडे घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. आजोबा गेले तेव्हा टोपं ठेवायला जागा नव्हती. बाबूच्या वेळी दोन घरांतून जेवण आलं. दोन. बाकीचे फाटकापर्यंत आले, काकांशी बोलले, आणि गेले. सगळेच काही वाईट नव्हते, काय बोलावं ते सुचलं नसेल, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की माझ्या भावाचं मरण आजोबांच्या मरणापेक्षा हलकं ठरलंय.

चौथ्या की पाचव्या दिवशी पोदेराने फाटकाशी सायकल स्टँडवर लावली. पन्नाशीचा माणूस, आमच्या दारी कधी दोन मिनिटांवर थांबलेला नाही, त्याचे पुढचे तीन वाडे राहिलेले असायचे. तो आत आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. आईकडे बघून एवढंच म्हणाला, "म्हजोय भाव असोच गेलो." माझाही भाऊ असाच गेला.

मग सांगितलं त्याने. त्याच्या लहानपणची गोष्ट. त्याच्या भावाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नव्हती, कुंपणाबाहेर पुरला होता. तेव्हा चर्चचा कायदाच तसा होता, १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. त्याची आई दर रविवारी मिस्साला जायची आणि येताना कुंपणाबाहेरून चालत यायची, असं तो म्हणाला. आणि मग त्याने बाबूची गोष्ट काढली. बाबू एकदा त्याच्या मागे पार देवळापर्यंत धावला होता, काकणं मऊ निघाली म्हणून भांडायला. "धावत आयिल्लो," म्हणत तो हसला. आणि आई हसली. चार दिवसांत त्या घरात बाबूचं नाव घेऊन हसणारा तो पहिला माणूस.

आता पुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

जायच्या महिनाभर आधी संध्याकाळी दिवेलागणीला बाबू माझ्याजवळ बसला होता. मी तांदूळ निवडत होते. तो म्हणाला, "म्हाका पुरो जालें गो ताई." मला आता पुरे झालं, असं. मी काय म्हणाले असेन? "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते." एवढंच. तो गप्प झाला. मी तांदूळ निवडत राहिले.

तुम्हीही हेच म्हणाला असता. आपल्याला तेच शिकवलंय. वाईट बोललं की वाईट होतं, म्हणून वाईट बोलायचं नाही, आणि दुसरा बोलला तर त्याचं तोंड मिटायचं. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू, ही भीती. या क्षेत्रात काम करणारी माणसं वर्षानुवर्षं घसा फोडून सांगताहेत की असं होत नाही. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. शिरलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" असं सरळ, याच शब्दांत विचारायचं. "तसलं काही नाही ना रे मनात?" असं नाही, कारण त्यात "नाही म्हण" अशी विनवणी असते आणि तो बिचारा नाहीच म्हणतो.

आणि "हो" म्हणाला तर? लगेच देवाची, आईबापाची शपथ घालायची नाही. "तुला काय कमी आहे" तर अजिबात नाही. ऐकायचं. त्याला एकटं सोडायचं नाही. ज्या वस्तूचं भय वाटतं ती घरातून हलवायची. ही लाट असते, फार उंच येते आणि ओसरते, ती ओसरेपर्यंत कोणीतरी शेजारी बसलेलं लागतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलता येतं. जीवाला आत्ताच धोका असेल तर १०८. आणि बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, आहे. हो, तेच, ज्याचं नाव काढलं की आपण एकमेकांकडे बघून हसतो. त्या हसण्याने किती माणसं त्या दारापर्यंत पोहोचली नाहीत, त्याचा हिशोब कोणी ठेवलाय?

आमच्या बाबूला तिथे न्यायची एक संधी आली होती. जायच्या आठ महिने आधी त्याने एकदा प्रयत्न केला होता. वाचला. एका खासगी इस्पितळात नेलं. तिथे पहिल्याच टेबलावर कोणीतरी म्हणालं, पोलिसांना कळवावं लागेल. तेव्हा कलम ३०९ होतं, प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत होती. मरणाच्या दारातून परत आलेल्याला कैद! काकांनी बाजूला घेऊन सगळ्यांना बजावलं, चुकून झालं असंच सांगायचं. आम्ही तेच सांगितलं. डॉक्टरांनी तेच लिहिलं. बाबू खाटेवर पडून सगळं ऐकत होता. दोन दिवसांनी घरी आणला. कागदावर पाच औषधांची नावं होती, मनाच्या डॉक्टरचं नाव नव्हतं. आणि त्यानंतर घरात त्या दोन दिवसांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हाही आम्ही एक खोटं पाठ केलं होतं. आज त्या मुलीला पाठ करायला सांगितलं तसंच.

तो कायदा आता तसा राहिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितलं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ नाहीच. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी कोणी तसा प्रयत्न केला तर तेवढ्यापुरतं वेगळं कलम आहे. म्हणून सांगते, इस्पितळात खरं सांगा. माणूस गेल्यावर पंचनामा होतो, जबाब होतात, पोलिसांना विचारावं लागतं, तेही मान्य. पण विचारायचं काम त्यांचं आहे. स्वयंपाकघरात बसलेल्या शेजारणीचं नाही.

२०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, हा सरकारी आकडा. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे आजच्यासारखं एक स्वयंपाकघर असणार.

आमच्या घरी आणखी एक झालं. तेराव्याच्या आतच नातेवाइकांनी आईच्या मागे लकडा लावला, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करा, नाहीतर तो अडकून राहील, घराला त्रास देईल. बाबू? घराला त्रास देईल? जो पोर आईचे पाय चेपल्याशिवाय झोपत नव्हता? मी भांडले, ओरडले, कोणी ऐकलं नाही. आई गेली, विधी केला. परत आल्यावर तिला जरा झोप लागायला लागली, त्यामुळे त्या विधीबद्दल आता माझी तक्रार नाही. ज्याला ज्याने शांत वाटतं ते करावं. माझा राग त्या वाक्यावर आहे, अजूनही आहे. गेलेल्या मुलाची भीती आईला घालणारी माणसं कुठल्या काळजाची असतात?

पोदेराने असलं एकही वाक्य बोललं नाही. का केलं, कसं केलं, विचारलं नाही. स्वतःचं सांगितलं, बाबूचं नाव घेतलं, आणि पुढच्या वाड्यावर गेला. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. पर्वरीच्या संगाथ संस्थेने याच गोव्यात, आपल्याच आरोग्य केंद्रांत दाखवून दिलंय की डॉक्टर नसलेल्या माणसांना नीट शिकवलं तर ती नैराश्यातल्या रुग्णांना बोलून बोलून बरं व्हायला मदत करतात. गोळी लागते तिथे गोळी लागतेच, मी नाही म्हणत नाही. आणि सगळं करूनही काही माणसं हातातून निसटतात, तेही खरं आहे. मी त्या दिवशी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं असतं तर बाबू आज असता का? ठाऊक नाही. पहिली दहा वर्षं मी रोज स्वतःला हेच विचारत होते. आता रोज नाही विचारत.

आईने काकणं घेणं बंद केलं नाही. पोदेर रोज दोन घालायचा, ती रोज मागच्या माडाखाली कावळ्याला ठेवायची. पोदेर म्हातारा झाला, त्याची सायकल त्याच्या भाच्याकडे गेली, तर भाच्यालाही आधीच सांगून ठेवलं होतं, त्या घरी दोन काकणं, विचारायचं नाही.

तर त्या मुलीचं. ती मागच्या दारी उभी होती आणि मला विचारत होती, मी शाळेत काय सांगू? मी तिला म्हटलं, तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग. नसेल सांगायचं तर "माझे बाबा गेले, मला आत्ता बोलायचं नाही" एवढं म्हण, ते खोटं नाही. आणि म्हटलं, बाबांना आत फार त्रास होत होता, तो आम्हा मोठ्यांना कोणालाच दिसला नाही, त्यात तुझी काही चूक नाही. ती नुसती नळाच्या धारेकडे बघत होती. मग मी विचारलं, बाबा चहाबरोबर काय खायचे?

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बटर. पण ते चहात टाकून विसरायचे, मग तो तुटून तळाला जायचा. मग चमच्याने शोधत बसायचे." चमचा कसा फिरवायचे ते तिने हाताने करून दाखवलं, हसली, आणि तशीच रडायला लागली. परवापासून पहिल्यांदाच रडली म्हणे, तिच्या आजीने नंतर सांगितलं.

मी उद्या पुन्हा जाणार आहे. जाताना बटर घेऊन जाते.